उंच आणि वजनदार स्वारासाठी पहिली माउंटन बाइक

प्रेषक : एक सभासद, सुदामानगर, इंदूर
विषय : माउंटन बाइकच्या निवडीविषयी मार्गदर्शन हवे आहे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

पावसाळा संपल्यावर महू, पातालपाणी, चोरल आणि जानापाव या बाजूच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याचा माझा मानस आहे आणि त्यासाठी पहिलीच माउंटन बाइक घ्यावयाची आहे. माझी उंची १९१ सेंटिमीटर व वजन ११५ किलो असून खर्चाची मर्यादा साधारण ६०,००० रुपये आहे. यापूर्वीच्या साध्या गिअरच्या सायकलीचे मागचे स्पोक वारंवार तुटत असत आणि अखेरीस मागच्या चाकाचा आस, म्हणजे एक्सलही, वाकला. वजन जास्त असल्यामुळे हे होणारच, असे दुकानदारांचे म्हणणे पडले. आता पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घ्यावी, म्हणजे धक्के कमी बसतील, असा सल्ला मिळत आहे. मंडळातील जाणकारांनी, विशेषतः परदेशात डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांनी, आपले मत कळवावे ही विनंती.

*

प्रेषक : एक सभासद, म्युनिक (मूळ रामबाग, इंदूर)
विषय : उत्तर : माउंटन बाइकच्या निवडीविषयी

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील एक्सल वाकल्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून तेथूनच आरंभ करतो. ज्या मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या यंत्रणेसह दातेरी चक्रांचा संच, आट्यांनी बसवलेले असते, त्यात उजवीकडचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहते. त्यामुळे बेअरिंगपासून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा बराच भाग निराधार असतो आणि चाक खड्ड्यात आपटले की तो नेमका तेथेच वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये ती यंत्रणा (फ्रीहब) हबचाच भाग असते आणि चक्रांचा संच (कॅसेट) तिच्यावर सरकवलेला असतो. त्यात, विशेषतः शिमानो कंपनीच्या रचनेत, हे बेअरिंग फ्रीहबच्या आत बाहेरच्या टोकाशी बसवलेले असल्याने एक्सलला अगदी कडेपर्यंत आधार मिळतो. मागे ७ चक्रे असतील तर हब बहुधा फ्रीव्हीलचा असतो, ९ किंवा अधिक असतील तर बहुधा कॅसेटचा. ८ असतील तर दुकानात स्पष्ट विचारून घ्यावे. आपल्या वजनाला दोष देण्याचे काही कारण नाही, कारण तो हबच त्या वजनासाठी बनलेला नव्हता. १२ मिलिमीटरचा थ्रू-एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड एक्सल) असलेली सायकल आपल्या मर्यादेत मिळाल्यास तिला अवश्य प्राधान्य द्यावे.

स्पोक तुटण्याचे कारणही असेच समजण्याजोगे आहे. चाक फिरताना जमिनीकडच्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो आणि पुन्हा चढतो. हे प्रत्येक फेऱ्यात घडते, आणि स्पोक मुळातच सैल असतील तर ते पूर्ण ढिले होऊन हबजवळच्या वाकणाशी धातू थकतो. म्हणजे स्पोक तुटतो तो बहुधा ताण कमी किंवा असमान असल्यामुळे. यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकांत ही उणीव नेहमी आढळते. केवळ आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून ती जात नाही, कारण सरळ फिरणाऱ्या चाकातही ताण असमान असू शकतो. दुहेरी भिंतीची रिम आणि ३२ स्पोक असलेले चाक पाहावे, आणि सायकल ताब्यात घेण्यापूर्वीच एखाद्या जुन्या, अनुभवी कारागिराकडून सर्व स्पोकांचा ताण पुरेसा आणि समान करून घ्यावा. एका बाजूचे स्पोक नखाने छेडले असता त्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात डाव्या बाजूचे स्पोक उजव्यापेक्षा सैल असतात, म्हणून दोन बाजूंची परस्परांशी तुलना करू नये.

दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल आपल्या मर्यादेत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या किमतीत मागचा शॉक, त्याचे सांधे आणि बेअरिंगे यांवर पैसे गेल्यावर चाके, ब्रेक आणि हब यांसाठी फारसे उरत नाही, आणि आपल्याला गरज नेमकी त्यांचीच आहे. केवळ पुढे सस्पेन्शन असलेली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची सायकल पुरेशी आहे. तिचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) मात्र शक्यतो हवेचा असावा. स्वस्त फोर्कमधील स्प्रिंग मध्यम वजनाच्या स्वारासाठी बसवलेली असते आणि आपल्या वजनाने ती आधीच बरीच दबून जाते. हवेच्या फोर्कमध्ये शॉक-पंपाने दाब वाढवता येतो. १०० मिलिमीटरचा फोर्क आपण बसल्यावर साधारण २० मिलिमीटर दबला, तर दाब योग्य समजावा.

ब्रेकविषयी एक हिशेब मांडतो. आपण आणि सायकल मिळून १३० किलो धरले, तर २०० मीटरचा उतार उतरताना सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते आणि तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. ७० किलोच्या स्वारापेक्षा हा भार दीडपट आहे. म्हणून हायड्रॉलिक डिस्कच (तेलाच्या दाबावर चालणारा चकतीचा ब्रेक) घ्यावी, पुढची चकती किमान १८० मिलिमीटरची असावी, आणि ती नसल्यास फोर्कवर बसवता येते का, हे पाहावे.

प्रत्येक सायकलीच्या पुस्तिकेत वजनाची कमाल मर्यादा छापलेली असते आणि ती आपण स्वतः वाचावी. ट्रेकसारख्या कंपन्या बऱ्याच माउंटन बाइकसाठी १३६ किलोची मर्यादा देतात, मात्र तीत स्वार, सायकल आणि सामान सर्व धरलेले असते. पाठीवरची पिशवी आणि पाणी मोजल्यावर आपण त्या रेषेच्या अगदी जवळ पोहोचता.

*

प्रेषक : एक सभासद, राजेंद्रनगर, इंदूर
विषय : उत्तर : माउंटन बाइकच्या निवडीविषयी

नमस्कार.

म्युनिकच्या सभासदांनी चाकाविषयी जे लिहिले आहे, त्याला मी येथील वाटांपुरती जोड देतो. पाऊस थांबल्यानंतरही काही दिवस माळव्याची काळी माती टायरला अशी चिकटते की टायर आणि फ्रेम यांमधली फट बुजून चाक फिरेनासे होते. म्हणून टायर २.२५ ते २.४ इंचांचे असावेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बोटभर तरी जागा मोकळी राहावी. माती वाळली की जानापावच्या बाजूला काळे दगड वर येतात आणि दाब कमी असल्यास ट्यूब रिमखाली चिमटून एकाच ठिकाणी दोन छिद्रे पडतात. आपण मागे ३५ पीएसआय आणि पुढे ३० च्या आसपास सुरुवात करून, टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहून, हळूहळू आपल्याला मानवणारा दाब शोधावा.

*

प्रेषक : एक सभासद, सुदामानगर, इंदूर
विषय : फ्रेमच्या मापाविषयी आणखी एक शंका

दोन्ही सभासदांचा मी मनःपूर्वक आभारी आहे. कॅसेटचा हब, हवेचा फोर्क आणि हायड्रॉलिक ब्रेक असलेली एक सायकल शहरातच सवलतीत मिळत आहे. परंतु ती ‘लार्ज’ मापाची आहे, आणि ‘एक्स्ट्रा लार्ज’ मागवल्यास सवलतही नाही व थांबावेही लागेल. सीट उंच करून काम भागेल, असे दुकानदार सांगतात. ते स्वीकारावे का?

*

प्रेषक : एक सभासद, म्युनिक
विषय : उत्तर : फ्रेमच्या मापाविषयी

महोदय,

कृपया स्वीकारू नये. सीटपोस्ट (सीटचा दांडा) मागच्या बाजूला कललेला असतो, त्यामुळे सीट जितकी वर काढावी तितकी ती मागेही जाते आणि आपला भार मागच्या चाकाच्या एक्सलकडे सरकतो. चढावर पुढचे चाक उचलले जाते आणि ज्या मागच्या चाकाची आपण एवढी काळजी करत आहोत, त्यावरचा बोजा आणखी वाढतो. बऱ्याच कंपन्या लहान-मोठ्या सर्व मापांत फ्रेमचा मागचा भाग सारख्याच लांबीचा ठेवतात, त्यामुळे उंच स्वार मुळातच थोडा मागे बसतो. लहान फ्रेम घेऊन त्यात भर घालू नये. शिवाय लांब निघालेला सीटपोस्ट तरफेसारखा फ्रेमवर जोर देतो, आणि किमान खोलीची खूण बाहेर दिसू लागली तर फ्रेम वरच्या दांड्याच्या जोडाशी तडकण्याचा धोका असतो.

आपल्या उंचीला ‘एक्स्ट्रा लार्ज’च हवी. मापांची नावे प्रत्येक कंपनीत वेगळ्या लांबीची असल्याने कंपनीच्या तक्त्यात ‘रीच’ (पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर) पाहावा. आजच्या बनावटीच्या फ्रेममध्ये तो ४७० ते ४९० मिलिमीटरच्या दरम्यान असल्यास आपल्याला आखडून बसावे लागणार नाही. क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिलिमीटरची असेल, तर आपल्या पायांच्या लांबीला ती सोयीची पडेल. सवलतीची रक्कम सोडावी लागली तरी चालेल, आणि पावसाळ्याचे दिवस असल्याने थांबण्यातही आपले काही अडणार नाही. सायकल आल्यावर पहिल्या काही आठवड्यांच्या वापरानंतर स्पोक एकदा बसतात. तेव्हा ती त्याच कारागिराकडे नेऊन मागच्या चाकाचा ताण पुन्हा तपासून घ्यावा.

आपला स्नेहांकित