मदत हवी आहे : काजूच्या गोदामातील धुरीकरणानंतर उरलेली भुकटी

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या काजू-बियांच्या गोदामात परवानाधारक कीडनियंत्रकाने ताडपत्रीखाली ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून धुरीकरण (विषारी वायूने कीड मारणे) केले. गोदाम मोकळे केल्यावर मापकावर फॉस्फीन (ओलाव्याने या गोळ्यांतून सुटणारा विषारी, ज्वालाग्राही वायू) आठ तासांच्या कामासाठीच्या ०.३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग) या मर्यादेखाली आले आहे; लसणासारखा वासही येत नाही, परंतु तो मुख्यतः अशुद्धींचा असल्याने आम्ही त्यावर विसंबलेलो नाही.

अडचण गोळ्यांच्या उरलेल्या राखाडी भुकटीची आहे. ती बहुतांशी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असली, तरी तीत हरभऱ्याएवढे कडक खडे दिसतात, म्हणजे काही फॉस्फाइड शिल्लक असणार. बंद डब्यात दमट हवेने वायू साचून पेट घेईल, म्हणून ती पसरट ट्रेमध्ये, घरापासून दूरच्या कुलूपबंद, जाळीच्या शेडमध्ये ठेवली आहे. कीडनियंत्रक ‘पुरून टाका’ एवढेच सांगतो. मात्र आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा दगड आहे, पिण्याची विहीर उताराला आहे आणि पाऊस सुरू आहे.

डिटर्जंटच्या पाण्यात भुकटी थोडीथोडी सोडून निष्क्रिय करतात, हे ठाऊक आहे. आम्ही स्वतः ते करणार नाही. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत हे काम करून उरलेला गाळ रीतसर ताब्यात घेणारे कोणी आहे का, आणि तोवर ही भुकटी पावसाळ्यात अशीच उघड्या ट्रेमध्ये ठेवणे योग्य आहे का?