माप कोणाला लावायचे?

कलेला नीतीचे माप लावू नये, हे आयरिश लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे मत येथील चर्चेत मांडले गेले आहे आणि ते मला मान्य आहे. परंतु १८९५ साली लंडनच्या न्यायालयात त्यांच्याच कादंबरीवरून त्यांची उलटतपासणी झाली, हेही लक्षात घ्यावे लागेल. आमच्या गोव्यात मात्र वेगळेच घडले. येथे गाण्याला कोणी अनैतिक म्हटले नाही, कारण ते देवापुढची सेवा होते. पण ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया ती सेवा करीत, त्यांना विवाहाची आणि घरंदाजपणाची प्रतिष्ठा त्याच समाजाने नाकारली. म्हणजे कला पवित्र आणि ती जपणारी बाई अपवित्र, ही विसंगती पिढ्यान्‌पिढ्या कोणाला खटकली नाही, याचे मला आजही दुःख होते. फोंडा तालुक्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर याच परंपरेतून आल्या, आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या ध्वनिमुद्रित तबकडीवर त्यांची भैरवी आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजी-पणजीच्या तोंडून अशा गायिकांविषयी काही ऐकलेले असेल, तर ते येथे अवश्य लिहावे.