पेन्शन न्यूकॅसलची, माणूस वाईत: हयातीच्या फॉर्मवर सही कुणाची चालते?

कृष्णाकाठची | १८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण इंग्लंडहून परत आलेले दिसतात, म्हणून विचारते. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

मी सत्तर वर्षांची. हाउन्सलोला सदतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी हीथ्रोजवळ, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्यात गेली. मिस्टर बस चालवायचे, ते २०२० मध्ये गेले. मुलगी रेडिंगला असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घेऊन मी वाईला, माहेरच्या गावी आले. आधी वर्षभर भाड्याने राहिले, मग गंगापुरीत दोन खोल्या घेतल्या.

दर चार आठवड्यांनी माझ्या तिकडच्या खात्यात ब्रिटिश सरकारच्या पेन्शनचे ७४०.६० पौंड पडतात. ३ नोव्हेंबरला पडायला हवे होते, पडले नाहीत. कारण मला माहीत आहे आणि निम्मी चूक माझीच आहे.

न्यूकॅसलच्या पेन्शन ऑफिसकडून हयातीचा फॉर्म आला होता. पत्रावर तारीख ३० जून. ते गेलं जुन्या भाड्याच्या पत्त्यावर, कारण नवा पत्ता कळवायचा माझ्याकडून राहूनच गेला. तिथल्या वॉचमनने ते जिन्याखालच्या मीटरपेटीत वायरींच्या मागे खोचून ठेवलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस लाईटवाला मीटर बघायला आला तेव्हा ते खाली पडलं. आत लिहिलेलं, सोळा आठवड्यांत परत पाठवा. म्हणजे २० ऑक्टोबर.

मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. साहेब म्हणाले, "हयातीचं काम नोव्हेंबरमध्ये असतं, तेव्हा या." आणि मी शहाणी परत आले! नोव्हेंबरात गेले तर ही रांग. सगळे निवृत्त मास्तर, तलाठी, एसटीवाले. दीड तासाने नंबर लागला. साहेबांनी विचारलं, "पीपीओ नंबर?" म्हटलं, माझा पीपीओ (इथल्या पेन्शनचा आदेश) नाही, तिकडचा नॅशनल इन्शुरन्स नंबर (पेन्शनचे हप्ते ज्यावर जमा होतात तो) आहे. त्यांनी फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, मग म्हणाले, "बाई, तुम्ही अंगठा लावून जीवन प्रमाणचा ऑनलाइन दाखला करून टाका, सगळीकडे चालतं." मग पासपोर्ट आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं. पासबुकात माझं नाव, मिस्टरांचं नाव, आडनाव. पासपोर्टात मधलं नावच नाही. "या दोन वेगळ्या बाया वाटतात," म्हणाले. मागच्या रांगेतले हसले. मीही हसले, पण घरी येऊन रडू आलं.

तर प्रश्न असे. हा फॉर्म बँकेनेच भरायचा असतो का? जीवन प्रमाण तिकडे चालतं का? मुदत गेली म्हणजे पैसे बुडाले का? आणि जाता जाता एक: मी आले तेव्हा आठवड्याला १८५.१५ मिळत होते, आजही तेवढेच. मुलगी म्हणते तिकडे आता २३०.२५ झालेत. मे-जूनमध्ये मी तिच्याकडे जाते, तेवढ्यापुरता तरी वाढीव दर मिळतो असं कुणीसं म्हणालं. खरं का?

---

लेस्टरचा_नाना | १८ नोव्हेंबर २०२५

ताई, आधी पाणी प्या. पैसे बुडत नाहीत, अडकतात. माझे २०२३ मध्ये अडकले होते, फॉर्म पोचल्यावर मागचे सगळे एकरकमी आले.

बँक विसरा. जीवन प्रमाणही विसरा, ते आपल्या सरकारच्या पेन्शनीसाठी. तिकडच्यांना त्यांचाच कागद लागतो, शाईच्या सहीचा. साक्षीदार मात्र इंग्रज हवा असं काही नाही, त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्टही लागत नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, प्राध्यापक, बँकेतला अधिकारी असे पेशे चालतात. पूर्ण यादी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आहे. अट एवढीच की तो नात्यातला नसावा आणि तुमच्या घरात राहणारा नसावा. माझी सही नाशिकरोडचे आमचे दाताचे डॉक्टर करतात. खुर्चीत आ करून बसलेला माणूस जिवंत आहे याबद्दल त्यांना शंका नसते.

काही गोष्टी सांभाळा. साक्षीदाराचा पेशा आणि पत्ता स्वच्छ इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. फोन नंबरच्या आधी +९१ घाला. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि स्पीडपोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. पत्र जातं वुल्व्हरहॅम्प्टनला आणि माणसं बसतात न्यूकॅसलला, त्यामुळे "पोचलं" आणि "बघितलं" यांत अंतर असतं हे धरून चाला.

फोनही आजच करा. मुदत गेली आहे, फॉर्म येतोय आणि पत्ता बदललाय, तिन्ही एकाच फोनमध्ये सांगा. आपली संध्याकाळची पाचची वेळ धरा, तिथे साडेअकरा वाजलेले असतात. नॅशनल इन्शुरन्स नंबर समोर लिहून ठेवा. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा वीस मिनिटं संगीत ऐकलं आणि बाई लाईनवर आल्यावर स्वतःचाच नंबर आठवेना.

रेडिंगच्या मुक्कामाचं म्हणाल तर खरं आहे. तिथे असाल तेवढे दिवस चालू दर मिळतो, पण आपणहून कळवावं लागतं, गेल्याची आणि परतीची तारीख सांगून. परत आलात की पुन्हा १८५.१५. आठ आठवड्यांचा फरक ३६० पौंडांच्या वर जातो, म्हणजे निम्मं तिकीट तरी सुटतं. प्रवासाचा विमा मात्र काढाच. आपण तिथले रहिवासी राहिलो नाही, पासपोर्ट कुठलाही असो. जीपी (तिथला नेहमीचा डॉक्टर) बघेल, इमर्जन्सी विभागातही पैसे घेत नाहीत, पण वॉर्डात दाखल केलं की बिल लागतं आणि तेही दीडपट दराने.

---

स्पष्टवक्ता | १९ नोव्हेंबर २०२५

राग मानू नका, पण तिकडची पेन्शन इकडे घेऊन वाईत राहायचं, इथल्या स्वस्ताईत मजेत जगायचं आणि वर "वाढ देत नाहीत" म्हणून रडायचं? माझ्या आईला ईपीएसचे (पीएफच्या पेन्शनचे) महिन्याला दीड हजार मिळतात. ज्या देशात राहत नाही त्याने महागाई का भरून द्यावी?

---

लेस्टरचा_नाना | १९ नोव्हेंबर २०२५

तुमच्या आईंना दीड हजार मिळतात हा अन्यायच आहे, त्यात वाद नाही. पण म्हणून हा अन्याय न्याय होत नाही.

हीच बाई स्पेनला गेली असती तर दर एप्रिलला वाढ मिळाली असती. अमेरिकेत मिळाली असती. जमैका, मॉरिशस, फिलिपीन्समध्येही मिळाली असती. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका इथे नाही. महागाईचा यात काही संबंध नाही. कुठल्या देशाशी पूर्वी कधी करार झाला एवढाच मुद्दा. हप्ते सगळ्यांनी सारखेच भरले. ॲनेट कार्सन नावाची बाई दक्षिण आफ्रिकेत राहून यासाठी लढली. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) हरली, २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही हरली. म्हणजे कायद्याने त्यांचं बरोबर. कायदा बदलायचा तर तो पार्लमेंटने.

गेल्या जुलैत दोन देशांचा व्यापार करार झाला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. त्याच्यासोबतचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे तो कंपनीने तात्पुरत्या पाठवलेल्या नोकरदारांसाठी, दोन्हीकडे हप्ते भरावे लागू नयेत म्हणून. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांच्या वाढीचं त्यात काही नाही.

बाकी परदेशी राहणाऱ्यांच्या मतदानावरची पंधरा वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठली. मी लेस्टरच्या जुन्या पत्त्यावर नाव नोंदवलंय, माझं मत तिथला मित्र टाकतो. ताई, तुम्हीही नोंदवा. हाउन्सलोच्या खासदाराला पत्र लिहिताना "मी तुमची मतदार" असं लिहिता येतं. पत्राचा उपयोग शून्य, पण लिहिताना बरं वाटतं.

---

हिशेबी_पुणेकर | १९ नोव्हेंबर २०२५

काकू, तुम्ही न विचारलेलं सांगतो. पेशाने सीए आहे, गप्प बसवत नाही.

तुम्ही ऑक्टोबर २२ मध्ये आलात. त्या आर्थिक वर्षात तुम्ही अनिवासी धरल्या गेलात. पुढची दोन वर्षं, २३-२४ आणि २४-२५, "निवासी पण सामान्य निवासी नाही" या वर्गात गेली. त्या काळात तिकडच्या खात्यात पडलेल्या पेन्शनवर इथे कर नव्हता. १ एप्रिल २०२५ पासून तुम्ही पूर्ण निवासी. आता ही पेन्शन इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची. दोन देशांतल्या करारानुसार तिच्यावर कर इथेच लागतो, तिथे नाही.

घाबरू नका. १८५.१५ गुणिले ५२ म्हणजे ९,६२७.८० पौंड, साधारण अकरा लाख रुपये. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य होतो. पण इथे एफडी केल्या असतील ना? त्यांचं व्याज मिळवून बारा लाखांवर गेलात की कर लागेल. मार्चअखेरीऐवजी आत्ताच बेरीज करून बघा.

कराहून महत्त्वाचं म्हणजे तिकडचं बँक खातं. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो, त्यात ते दाखवायचंच, रक्कम लहान असली तरी. त्या तक्त्याचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर असतो, एप्रिल ते मार्च नाही. इथे लोक हमखास चुकतात. रिटर्नचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म भरू नका, त्यात हा तक्ताच नाही. आणि आल्यापासून एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं तसंच चालू ठेवलं असेल तर बँकेला सांगून ते बदलून घ्या.

नावाच्या घोळाबद्दल: इंग्लंडच्या कुठल्याही कागदासाठी आधार किंवा पासबुक पुढे करूच नका. पासपोर्टावर जसं नाव आहे तसंच सगळीकडे.

---

कृष्णाकाठची | २० नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे आभार, स्पष्टवक्तांचेसुद्धा. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी ट्रे भरत होते तेव्हा आमच्या युनिटात निम्म्या बायका अशाच होत्या, कुणालाच पुरेसं मिळत नव्हतं. तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण भाजी स्वस्त असली तरी गुडघ्याचं ऑपरेशन वाईत काही स्वस्त नाही.

नाना, वाचल्यावर कपाळावर हात मारला. माझ्या समोरच्या दारातच कॉलेजचे निवृत्त प्राचार्य राहतात! दोन वर्षं रोज सकाळी मी त्यांच्याकडून पेपर आणते. काल संध्याकाळी फॉर्म घेऊन गेले. सरांनी चष्मा पुसला, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी इंग्रजीची चूक काढली, मग शाईचं पेन शोधायला दहा मिनिटं घेतली. सही करण्याआधी माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "हो, आहात." आणि सही केली.

मग मी विचारलं, सर, तुमचा दाखला झाला का? म्हणाले, "पाय प्लॅस्टरमध्ये, बँकेत यादीवर सही करायला जाणार कसा?" माझी मुलगी मागे एकदा चेहरा दाखवून जीवन प्रमाण करायचं ॲप कसं चालतं ते सांगत होती. त्यांच्या फोनवर ते घातलं. डोळे मिचकावा म्हणून सूचना येते. सर मिचकवायचे ते दोन्ही भुवया उचलून. चौथ्या खेपेला झालं.

फोनही लावला. पलीकडच्या बाईने पत्ता बदलून घेतला, फॉर्म आला की बघतो म्हणाली. आज सकाळी स्पीडपोस्ट केलं.

सीएसाहेब, एफडी आहेत. बेरीज करते आणि सांगते.

---

वेंब्लीची_वहिनी | २३ नोव्हेंबर २०२५

उशिरा वाचलं. एक भर घालते. ताई, तिकडच्या बँकेचा ओटीपी कुठल्या फोनवर येतो तुमचा? माझं सिम मुलाकडे होतं. मी सकाळी सातला पैसे पाठवायला बसायचे तेव्हा तिथे रात्रीचा दीड. त्याला उठवायचं, तो आकडे सांगेपर्यंत ओटीपीची वेळ संपायची. शेवटी सिम इथेच आणलं, जुन्या फोनमध्ये घालून देवघराच्या कपाटात ठेवलंय. रोमिंगवर मेसेज घ्यायला माझ्या कंपनीचे पैसे पडत नाहीत. मात्र बरेच महिने काही वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद करतात, म्हणून मी दर संकष्टीला मुलाला एक मेसेज पाठवते. तो विचारतो, काय झालं? मी म्हणते, काही नाही, नंबर जिवंत ठेवतेय.

---

कृष्णाकाठची | ३१ जानेवारी २०२६

कळवायचं राहिलं होतं. पैसे आले. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे मिळून तीन हप्ते एकदम, २,२२१.८० पौंड, आणि परवा नेहमीचा ७४०.६०. पत्र काहीच आलं नाही, नुसते पैसे आले.

वहिनी, माझं सिम रेडिंगलाच आहे. मे महिन्यात गेले की घेऊन येते. नाना, जाण्याची तारीख आधी कळवायची की पोचल्यावर?