करकर, खडखड, खुळखुळ : गाडीचा आवाज नेमका सांगायचा कसा?

प्रश्न : पांदणीनं गाडी काढली की डॅशबोर्डकडून आवाज येते. मेकॅनिकजवळ ‘गाडी वाजून राहिली’ एवढंच सांगता येते. करकर, कुरकुर, खडखड, खुळखुळ यांत फरक काय जी?

उत्तर १ : फरक मोठा आहे, अन् पाना कुठं लावायचा ते त्यावरच ठरते. खडखड म्हणजे फट आहे, दोन वस्तू एकमेकींवर आपटतात. करकर म्हणजे फटच नाही; दाबून बसलेले दोन भाग घासतात, अडकतात, सुटतात. वंगण आटलेल्या बंडीचा आस करकरतो, त्याला कोणी खडखड म्हणत नाही. म्हणून खडखडीला आवळायचं, करकरीला मोकळं करायचं. करकरणाऱ्या प्लास्टिकचा स्क्रू आणखी आवळला की दाब वाढून आवाज चढते. गाडी दुसऱ्याला हळू चालवू द्या, आपण बाजूला बसून पॅनेलच्या जोडावर अंगठा दाबत जा. जिथं दाबल्यावर आवाज थांबला, तिथं क्लिप काढून मधात फेल्ट टेपची (मऊ लोकरी कापडासारख्या चिकटपट्टीची) पट्टी लावा.

कुरकुर म्हणजे बारीक करकर, बहुधा दाराच्या सुकलेल्या रबराची. सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन रबर पुसा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगून खराब होते.

खुळखुळ हा शब्द लेकराच्या खुळखुळ्यासारखा घ्या : पोकळीत सुटी वस्तू. दाराच्या पॅनेलमधी पडलेला स्क्रू असाच वाजते. दार उघडून हातानं हलवलं तरी कळते. पण सगळ्यात आधी गाडी रिकामी करा : डिकीतला जॅक, पाना, दारांचे कप्पे. रिकाम्या मागच्या सीटच्या बेल्टचं बक्कलही प्लास्टिकवर आपटते.

उत्तर २ : गाडीच्या खालच्या भागासाठी ‘खडखड’ फार ढोबळ शब्द आहे. 15-20 च्या वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक आली तर पहिला संशय स्टॅबिलायझर लिंकवर, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणाऱ्या छोट्या कांडीवर. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना लयीत कटकट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटला की ग्रीस बाहेर जाते अन् काळ्या मातीचा चिखल आत. वेगासोबत वाढणारी अन् वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची.

खात्री करायची तर मागच्या चाकांना दगडाची उटी (अटकाव) लावा, पुढचं चाक जॅकवर उचलून गाडी जॅक-स्टँडवर, म्हणजे खाली ठेवायच्या लोखंडी टेकूवर, टेकवा. चाक वर-खाली धरून हलवलं अन् ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा). डावी-उजवीकडे धरून ढिलं लागलं तर टाय रॉड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा). हा ढिलेपणा सापडला तर गाडी दुरुस्तीपर्यंत उभीच ठेवा. डॅशबोर्डची करकर महिनाभर सहन केली तरी चालते, टाय रॉडची टकटक नाही.

उत्तर ३ : ‘वाजून राहिली’ यात चूक काही नाही, पुण्याकडच्या ‘वाजतेय’चंच ते आपलं विदर्भातलं रूप. फक्त त्यातून कधी अन् कुठं हे कळत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, प्लास्टिक फुगून फटी मिटतात. सकाळची खडखड दुपारी गायब होऊन तिथंच करकर सुरू होऊ शकते. दुपारी गाडी नेली तर मेकॅनिकला सकाळचा आवाज सापडणार कसा? म्हणून असं सांगा : ‘भाऊ, सकाळी गाडी थंडी असताना, 20 च्या वेगात, पांदणीवर, डाव्या पुढच्या चाकापाशी टकटक वाजून राहिली, ब्रेक दाबला की थांबते.’