मराठी पीडीएफवर हायलाइट कसं करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, राज्यसेवेची तयारी करतेय. गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत टॅबवरच वाचते. इंग्रजी पीडीएफवर हायलाइट मस्त होतं. मराठी स्कॅन पुस्तकात ओळच निवडता येत नाही, पान म्हणजे नुसता फोटो! मग बोटाने पिवळी रेघ ओढते, ती वेलांट्या खात खालच्या ओळीत घुसते. जुन्या फॉन्टच्या फाइलीत शब्द निवडला जातो, पण कॉपी केला की भलतीच अक्षरं. गूगल ड्राइव्हवर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, करून पाहिलं. मजकूर बरा आला, तक्ते पार विस्कटले.

पानाची मांडणी न मोडता मराठी ओसीआर करणारं आणि समासातल्या टिपा एकत्र काढून देणारं काही आहे का? फुकट असेल तर उत्तम. आणि प्रिंट काढ म्हणू नका, सहाशे पानं आहेत.