प्रतिसाद: दोष सर्व्हरचा की सांभाळणाऱ्याचा?
आयआयएस आणि अपाची हे दोन वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणारे प्रोग्राम; पहिला मायक्रोसॉफ्टचा. त्यातला आयआयएस असुरक्षित आणि अपाची सुरक्षित, असं म्हणणं मला पटत नाही. जुलै २००१ मध्ये कोड रेड वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) आयआयएसवर चालणारे साडेतीन लाखांहून अधिक सर्व्हर धरले, हे खरं. पण मायक्रोसॉफ्टचा पॅच (चुकीची दुरुस्ती) जूनमध्येच आला होता, सांभाळणाऱ्यांनी तो लावला नव्हता!

आता अपाचीचं बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये २.४.४९ आवृत्तीतली पाथ ट्रॅव्हर्सलची चूक उघड झाली, म्हणजे पत्त्यात फेरफार करून नेमून दिलेल्या फोल्डरबाहेरच्या फायली मागता येत होत्या. मूळ कॉन्फिगरेशनमधली (सेटिंगच्या फाइलमधली) 'रिक्वायर ऑल डिनाइड', म्हणजे सगळ्यांना मनाई, ही ओळ जागेवर होती, तिथे डॉक्युमेंट रूटबाहेरच्या (वेबसाइटच्या मुख्य फोल्डरबाहेरच्या) फायली सुरक्षित राहिल्या. परवानगीची कटकट नको म्हणून कुणी ती काढली असेल, तर दार सताड उघडं. त्यात सीजीआय (सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची सोय) चालू असेल तर बाहेरच्याला थेट कमांड चालवता येत होत्या. आणि घाईने २.४.५० टाकून निश्चिंत झालेले पुन्हा अडकले, कारण ती दुरुस्ती अपुरी होती. २.४.५१ घ्यावीच लागली.