मदत हवी आहे : हॅमस्टर चावतोय

प्राची_के : हॅमस्टर आणलाय. हात लावला की चावतो. मुलगा रडून रडून थकला. काय करू? जरा लवकर सांगा.

रात्रपाळी : आणून किती दिवस झाले? सीरियन की बुटका? पिंजरा कुठे आहे? हात कधी घालता?

प्राची_के : चार दिवस. मोठा, सोनेरी. टीव्हीशेजारी. मुलगा चारला शाळेतून आला की लगेच काढतो. याचा काय संबंध?

रात्रपाळी : अहो, सगळा संबंध तिथेच आहे. दुपारचे चार म्हणजे त्याची मध्यरात्र. आधी टीव्हीपासून हलवा.
आमचा बिट्टूही असाच होता. पहिला आठवडा मी फक्त दाणापाणी बदललं. मग बिनवासाचा टिश्यू रात्रभर उशीखाली ठेवून त्याच्या घरट्याजवळ टाकला. पठ्ठ्याने तो गालात कोंबला आणि नेऊन अंथरला! यांची नजर अधू, सगळा कारभार वासावर. मग रोज रात्री साडेदहाला तळहात पिंजऱ्यात सपाट ठेवायचो, त्यावर एक सूर्यफुलाची बी. पहिल्या रात्री लांबूनच मिशा हलवून गेला. तिसऱ्या रात्री बी उचलून पळाला. नवव्या रात्री चारही पाय हातावर. हात वरून नेऊ नका, वरून येतं ते त्याला घारच वाटतं.

चिंबोरी : हात धुता ना आधी? मी बोंबील साफ करून हात घातला होता, त्याने बोटच धरलं.

गिरगावकर_काका : पैसे मोजून उंदीर आणायचा आणि वर चावतो म्हणून रडायचं! आमच्या चाळीत या, फुकट देतो.

सोनचाफा : काका, उंदीर नाही हो तो. प्राची, बेबी शॅम्पूने आंघोळ घाल, शांत होतात.

रात्रपाळी : अजिबात नको! अंगावरचं तेल जातं, गारठतो. बशीत बारीक वाळू ठेवा, लोळून स्वच्छ होतो.

सोनचाफा : आमचा तीन वर्षं जगला आंघोळ करून.

रात्रपाळी : आंघोळ सोसून जगला.

माटुंगा_पूर्व : बाल्कनीला कबुतरांची जाळी लावणारा कोणी माहितीय का? चौथा मजला.

चिंबोरी : वेगळा धागा काढा ना राव.

प्राची_के : त्याचा कानही खरचटलाय. दुसऱ्याने केलं असेल.

रात्रपाळी : दुसरा कोण???

प्राची_के : दोन आहेत ना. दुकानदार म्हणाला, एकटा उदास होतो, जोडी घ्या.

रात्रपाळी : ताई, हे आधी सांगायचं! मोठा सीरियन एकटाच राहतो. १९३० साली अलेप्पोजवळ यांचे पूर्वज पकडले, त्या रानातही ज्याचं त्याचं बीळ वेगळं. एका पिंजऱ्यात जीव घेतील एकमेकांचा. नर-मादी असले तर १६ दिवसांत पिल्लं. आजच वेगळे करा. उद्या दोघांनाही दाखवून आणा.

गिरगावकर_काका : परळला, बैलघोडा हॉस्पिटलात. आणि पोराला चावलाय तिथे साबणाने धुतलं का? त्यालाही डॉक्टरकडे न्या.

प्राची_के : धुतलंय, नेते. पण रात्री साडेनऊला दुसरा पिंजरा कुठून आणू?

चिंबोरी : माळ्यावर गणपतीच्या सामानाचा उंच प्लॅस्टिकचा खोका असेल ना? रिकामा करा. तळाला टिश्यू फाडून टाका, वर ओव्हनची जाळी, जाळीवर दोन जाड पुस्तकं. पाणी विसरू नका.

प्राची_के : केला. पण काढू कसा? परत चावेल.

रात्रपाळी : हात लावूच नका. पिंजऱ्यात कॉफीचा मग आडवा ठेवा, आत एक बी टाका आणि गप्प बसा.

प्राची_के : गेला आत.